चिमुकल्या पिस्तुलाचा मोठा धक्का

‘मेन इन ब्लॅक’, म्हणजे काळ्या पोषाखांतील माणसें, हा अमेरिकन चित्रपट १९९७ सालच्या जुलै महिन्यांत प्रथम झळकला. त्या गोष्टीला आतां पाव शतकाहून अधिक काळ लोटला. पुढें २००२, २०१२ आणि २०१९ सालीं त्याचीं आणखी तीन भावंडें निघालीं. तरी सुटीच्या दिवशीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकत्र बसवून हंसविण्याचें सामर्थ्य पहिल्याच चित्रांत अधिक आहे, असें आमचें मत आहे. मात्र वडीलधाऱ्या मंडळींकडून या चित्राविषयीं एक शंका नेहमीं ऐकूं येते. चित्र विनोदी खरें, परंतु त्यांत जिकडे तिकडे बंदुका! मुलांच्या मनावर याचा परिणाम काय होईल? शंका रास्त आहे. म्हणून या वेळीं कथेकडे किंवा नटांच्या अभिनयाकडे फारसें न वळतां केवळ त्यांतील शस्त्रांचीच झडती घ्यावयाचें आम्हीं योजिलें आहे.

कथा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों. लॉवेल कनिंगहॅम यांच्या चित्रकथेवरून बॅरी सोनेनफेल्ड यांनीं हा चित्रपट दिग्दर्शित केला. परग्रहांवरील नाना प्रकारचे जीव माणसाचें सोंग घेऊन न्यूयॉर्क शहरांत वस्तीला आहेत, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारें एक गुप्त खातें आहे, अशी कल्पना. खात्यांतील मुरलेला अधिकारी ‘के’, ही भूमिका टॉमी ली जोन्स यांची. आणि त्याच्या हाताखालीं नव्यानें दाखल झालेला पोलीस ‘जे’, ही विल स्मिथ यांची. पाहणाऱ्याची आठवण पुसून टाकणारें एक यंत्र ‘के’च्या खिशांत सदैव असतें. तसें एखादें यंत्र आपल्या घरांत असतें, तर लग्नकार्यांतील मानापानाचे किती प्रसंग तीन तीन पिढ्या पुरले नसते! परंतु तो आजचा विषय नव्हे.

मनांत भरणारी पहिली बंदूक या चित्रांत दिसते ती एडगर नांवाच्या एका तिरसट शेतकऱ्याच्या हातांत. ती अगदीं साधी, छऱ्यांची बंदूक. रात्रीं त्याच्या अंगणांत आकाशांतून एक यान आदळतें, मोठा खड्डा पडतो, आणि हे गृहस्थ बंदूक सरसावून खड्ड्याच्या कांठाशीं जातात. खड्ड्यांतून आवाज येतो कीं, शस्त्र खालीं ठेव. एडगर गुरकावतो कीं, माझ्या मेलेल्या, थंडगार बोटांतून काढून घेतां आली तर बंदूक घे. त्यावर आंतील प्राणी अत्यंत सभ्यपणें उत्तर देतो कीं, तुझी ही सूचना मला मान्य आहे. आणि पुढल्याच क्षणीं एडगर खड्ड्यांत ओढला जातो. नंतर त्याचें कातडें पांघरून तो प्रचंड झुरळासारखा प्राणी गांवभर हिंडतो.

आपल्याकडील प्रेक्षक येथें हंसतो, पण अर्धाच हंसतो. एडगरचें उत्तर त्याचें स्वतःचें नाहीं. बंदूक बाळगण्याच्या हक्काचे कैवारी अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकापासून हें वाक्य आपल्या मोटारींवर चिकटवीत आले आहेत. त्या देशाच्या घटनेंत १७९१ सालीं जी दुसरी दुरुस्ती झाली, तिच्या आधारानें सामान्य नागरिक शस्त्र बाळगणें हा आपला जन्मसिद्ध हक्क समजतो. गंमत अशी कीं, चित्रपट निघून तीन वर्षें झालीं नाहींत तोंच, २००० सालच्या मे महिन्यांत, चार्ल्टन हेस्टन या नामांकित नटानें रायफलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनांत एक जुनी बंदूक डोक्यावर उंच धरून त्याच अर्थाचे उद्गार मोठ्या आवेशानें काढले. चित्रांतील झुरळानें या घोषणेचा जो शब्दशः अर्थ घेतला, तो त्या सभेंत कोणाला आठवला असेल काय, नकळे.

आपला इतिहास याच्या अगदीं उलट आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत झालेल्या कायद्यानें हिंदी माणसाच्या हातांतील शस्त्र काढून घेतलें, आणि तो कायदा रद्द व्हावा म्हणून राष्ट्रीय सभेनें वारंवार ठराव केले. स्वराज्य आल्यावर १९५९ चा शस्त्रकायदा झाला. त्याअन्वयें परवान्याविना बंदूक बाळगतां येत नाहीं. त्यामुळें बंदूक ही वस्तु बहुसंख्य मराठी घरांना पोलिसाच्या खांद्यावर, बँकेच्या दारांत किंवा पडद्यावर एवढीच माहीत. पडद्यावरील बंदुकीविषयीं आपल्या मुलांना जें वाटतें तें ताडून पाहण्यास त्यांच्यापाशीं दुसरें कांहींच नसतें, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. अमेरिकन मुलाला निदान बंदुकीचें वजन ठाऊक असण्याचा संभव आहे.

दुसरा प्रसंग परीक्षेचा. गुप्त खात्यांत भरती होण्यासाठीं ‘जे’बरोबर सैन्यांतील निवडक उमेदवार आलेले असतात. अंधाऱ्या रस्त्याच्या देखाव्यांत एकाएकीं पुठ्ठ्याचीं अक्राळविक्राळ भुतें पुढें येतात, आणि सारे वीर धडाधड गोळ्या झाडतात. ‘जे’ मात्र थांबतो, न्याहाळतो आणि एकच गोळी झाडतो. ती लागते पुस्तकें हातीं घेतलेल्या एका लहान मुलीच्या चित्राला! वरिष्ठ विचारतात, हें काय? तो खुलासा करतो. दिव्याच्या खांबाला लोंबकळणारा प्राणी केवळ व्यायाम करीत होता. दुसरा गुरगुरत नव्हता, त्याला शिंक आली होती, हातांत रुमाल दिसत होता. परंतु आठ वर्षांच्या मुलीला मध्यरात्रीं अशा वस्तींत अवघड पदार्थविज्ञानाचीं पुस्तकें घेऊन फिरण्याचें कारणच काय?

हा प्रसंग फारच मार्मिक आहे, आणि तो पाहतांना मन अस्वस्थहि होतें. मार्मिक यासाठीं कीं, चाप ओढण्यापूर्वीं पाहावें, समोरच्याचें रूप नव्हे तर त्याचें वर्तन तपासावें, ही गोष्ट येथें विनोदानें ठसविली आहे. खऱ्या पोलिसांनाहि असेंच शिक्षण देतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्यानें क्वांटिको येथें १९८७ सालीं याच कामासाठीं ‘होगन्स अ‍ॅली’ नांवाचें एक लुटुपुटूचें गांवच वसविलें. अस्वस्थता अशासाठीं कीं, ‘जे’चा तर्क कितीहि चतुर असला तरी तो तर्कच, आणि गोळी लागली ती लहान मुलीला. २०१४ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं बारा वर्षांचा एक मुलगा सार्वजनिक बागेंत खेळण्यांतील पिस्तूल घेऊन होता. त्या पिस्तुलाच्या तोंडावरील नारिंगी खूण निघालेली होती. कोणीतरी पोलिसांना दूरध्वनि केला, आणि तेंहि सांगितलें कीं, पिस्तूल बहुधा खोटें असावें. ती सूचना घटनास्थळीं निघालेल्या शिपायांपर्यंत पोंचलीच नाहीं. त्यांची मोटार थांबल्यावर अवघ्या दोन सेकंदांत गोळी सुटली, आणि मुलगा दुसऱ्या दिवशीं मरण पावला. खेळण्यांतील पिस्तुलावर नारिंगी खूण असलीच पाहिजे असा नियम त्या देशांत १९८८ सालीं कायद्यानें केला, तो अशाच घोटाळ्यांच्या भीतीनें. आपल्याकडे हल्लीं दुकानांत हुबेहूब खऱ्यासारखीं, काळीभोर, जड पिस्तुलें मुलांसाठीं मांडलेलीं दिसतात. हिरव्या-तांबड्या रंगाचें ढोबळ पिस्तूल मुलाला कमी आवडेल, पण घ्यावें तें तसलेंच.

आतां या चित्रांतील सर्वांत नामांकित शस्त्राकडे येऊं. खात्यांत रुजू झाल्यावर ‘के’ स्वतः एक लखलखीत, लांबलचक बंदूक घेतो आणि ‘जे’च्या हातावर चिमटींत मावेल एवढें एक पिस्तूल ठेवतो. त्याचें नांव ‘नॉयझी क्रिकेट’. हें क्रिकेट म्हणजे आपल्या मुलांनीं अंगणांतील कुंड्या फोडण्यासाठीं योजिलेला खेळ नव्हे. रातकिडा असा त्याचा अर्थ, म्हणजे गोंगाट करणारा रातकिडा. ‘जे’ हिरमुसतो, हें आपल्या हातून मोडेल कीं काय, अशी तक्रार करतो. मग भर रस्त्यांत तो तें झाडतो, आणि समोर प्रचंड स्फोट होतो खरा, पण त्याच वेळीं हे वीर स्वतः उलटे उडून मागच्या बाजूस जाऊन आदळतात.

सारें घर खो खो हंसतें. परंतु हा केवळ विदूषकी चाळा नव्हे. न्यूटन यांनीं १६८७ सालीं ग्रंथरूपानें मांडलेला तिसरा नियम येथें मूर्तिमंत दिसतो: क्रिया तितकीच प्रतिक्रिया. वस्तूचें वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार म्हणजे तिचा संवेग, आणि गोळी जेवढा संवेग घेऊन पुढें जाते तेवढाच बंदुकीला मागें मिळतो. आपल्या पोलिसांच्या हातीं अनेक दशकें जी होती ती थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. तिची गोळी सुमारें ११ ग्रॅम वजनाची आणि वेग सेकंदाला सुमारें ७४० मीटर, म्हणजे संवेग अदमासें ८. चार किलोची रायफल त्यामुळें सेकंदाला दोन मीटर वेगानें मागें येते. दारूच्या वायूचा आणखी थोडा धक्का असतो तो वेगळा. दस्ता खांद्याला घट्ट लावला असला म्हणजे हा संवेग सबंध शरीर वांटून घेतें, आणि सत्तर किलोच्या शिपायाला सेकंदास दहा-बारा सेंटिमीटर एवढाच वेग मिळतो. पाय रोवून उभा असला तर तो हलणारहि नाहीं; दस्ता सैल धरला तर मात्र खांदा काळानिळा होतो.

उलट ‘जे’चें पाहा. पंचाहत्तर किलोचा गडी सेकंदाला पांच मीटर वेगानें मागें फेंकला जातो असें धरूं. संवेग झाला ३७५. म्हणजे पंचेचाळीस थ्री-नॉट-थ्री एकदम झाडाव्या तेवढा! आणि हा धक्का प्रथम बसणार कोणाला? त्या चिमुकल्या पिस्तुलाला. तें शंभर ग्रॅमचें मानलें तर त्याचा मागें येण्याचा वेग निघतो सेकंदाला ३७५० मीटर, म्हणजे रायफलच्या गोळीच्या पांचपट. दुसऱ्या शब्दांत, खरी गोळी समोर गेली ती नव्हेच. खरी गोळी तें पिस्तूलच, आणि तें ‘जे’च्या तळहातांतून आरपार निघून जावयास हवें होतें. शस्त्र जितकें हलकें तितका त्याचा झटका वाईट, ही गोष्ट बंदूक बनविणाऱ्यांना जुनीच ठाऊक आहे. कोणी म्हणेल, त्यांतून गोळी निघत नाहीं, तेजाचा झोत निघतो. तर मग आणखी पंचाईत. प्रकाशाला संवेग असतो, पण फार थोडा. माणूस असा उडवावयाचा झाल्यास त्या एका झोतांत सुमारें सत्तावीस टन टी.एन.टी. या स्फोटक द्रव्याइतकी ऊर्जा असावी लागेल. मग मागें उडण्यास ‘जे’ उरणार नाहीं, आणि तो रस्ताहि उरणार नाहीं.

तथापि आम्ही या विनोदाला गंभीर चित्रपटांपेक्षां अधिक सत्यवादी समजतों. त्या चित्रपटांत नायक एका हातानें पिस्तूल झाडतो, स्वतः तसूभरहि हलत नाहीं, आणि समोरचा खलपुरुष दहा फूट मागें उडून कांचेच्या तावदानांतून बाहेर पडतो. हें शुद्ध थोतांड आहे. गोळीनें झाडणाऱ्याला जेवढें ढकललें त्याहून अधिक ती ज्याला लागते त्याला ढकलूंच शकत नाहीं. गोळी लागलेला माणूस उडत नाहीं, तो जागच्या जागीं कोसळतो. पडद्यावर जो उडतो त्याच्या पाठीला दोरी बांधलेली असते. तोफांचा धक्का तर आपल्या पूर्वजांच्या नित्य परिचयाचा होता. गाड्यावरची तोफ डागली कीं ती गाड्यासकट मागें धांवे, आणि पुन्हां ओढून, पुन्हां नेम धरून दुसरा बार काढावा लागे. फ्रेंचांनीं १८९७ सालच्या आपल्या ७५ मिलिमीटर तोफेंत नळीच तेवढी मागें सरकेल आणि तेल व दाबलेली हवा यांच्या योगानें आपोआप जागेवर येईल अशी युक्ति साधली, तेव्हां गाडा स्थिर राहूं लागला. बरोबर शंभर वर्षांनीं ‘जे’च्या पिस्तुलांत मात्र तसली सोय करण्याचें कोणाला सुचलें नाहीं!

ज्यांच्या घरीं झोपाळा आहे त्यांनीं मुलांना हा नियम हातीं द्यावा. झोपाळा अगदीं स्थिर करून मुलाला पाय वर घेऊन बसवावें, आणि दोन किलो धान्याची भक्कम शिवलेली पिशवी त्यानें समोर जोरानें फेंकावी. पिशवी सेकंदाला चार मीटर वेगानें गेली तर तिचा संवेग आठ, म्हणजे थेट थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीएवढा! मूल आणि फळी मिळून पन्नास किलो भरलीं तर झोपाळा चारेक बोटें मागें जाईल. एका रायफलीचा धक्का तो एवढाच. पिशवी कोठींतून काढण्यापूर्वीं घरांतील काकूंची परवानगी घेतलेली बरी, आणि तांदळाऐवजीं गहूं घ्यावे. सांडले तर वेंचण्यास सोपे.

शेवटच्या लढाईंतील मोठ्या बंदुकांविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. दोघे मिळून त्या झाडतात, यान खालीं पाडतात, आणि तो झुरळ-राक्षस त्या बंदुकाच गिळून टाकतो. मग ‘के’ त्याला चिडवून स्वतःला गिळवून घेतो, कारण बंदूक पोटांत आहे! आमच्या लहानपणीं ऐकलेल्या बकासुर-अघासुराच्या गोष्टींशीं ओळख असलेल्या मुलांना हा डाव मुळींच नवा वाटणार नाहीं.

या असल्या काल्पनिक शस्त्रांचा एक मोठा गुण असा कीं, त्यांत दारू नसते. चित्रपटाच्या धंद्यांत माणसें मेलीं आहेत तीं खऱ्या बंदुकांनीं, आणि तींहि विनाकारण. छायाचित्रणाच्या वेळीं बार उडावा, धूर दिसावा, पण गोळी सुटूं नये म्हणून बिनगोळीचें काडतूस वापरतात. त्यांत दारू असते, वर शिसें नसतें. म्हणून तें निरुपद्रवी असा समज. १९८४ सालीं जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटानें कामाच्या मधल्या वेळांत थट्टेनें असलेंच पिस्तूल कपाळाच्या बाजूला टेकवून चाप ओढला. गोळी नव्हती, परंतु नळीच्या तोंडाशीं वायूचा जो लोट निघतो त्याच्या आघातानें कवटीचें हाड फुटून मेंदूंत गेलें, आणि कांहीं दिवसांत तो वारला.

१९९३ सालच्या मार्च अखेरीस घडलेली हकीकत याहून विलक्षण आहे. ब्रूस ली यांचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा ब्रँडन ली ‘द क्रो’ या चित्रपटांत काम करीत होता. एका दृश्यांत रिव्हॉल्व्हरमधील काडतुसें जवळून दिसावयाचीं होतीं, म्हणून खऱ्या काडतुसांतील दारू काढून, गोळी पुन्हां बसवून दिखाऊ काडतुसें तयार केलीं. दारू काढली, पण बुडाची टोपी राहिली. चाप ओढला गेला तेव्हां त्या टोपीच्या बारीकशा स्फोटानें गोळी पुढें सरकून नळींत अडकली, आणि तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पुढें दुसऱ्या दृश्यासाठीं त्याच रिव्हॉल्व्हरांत बिनगोळीचें, पण दारूनें भरलेलें काडतूस घातलें. अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखी सुटली, आणि ब्रँडन गेला. यानंतर सर्वजण शहाणे झाले असें समजावें, तों २०२१ सालच्या ऑक्टोबरांत न्यू मेक्सिको प्रांतांत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तालमींत जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरांतून खरीच गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स मृत्यु पावल्या. शस्त्रांची देखभाल जिच्याकडे होती तिला २०२४ सालीं कैदेची शिक्षा झाली. जिवंत काडतूस तेथें असावयाचें कारणच नव्हतें.

ब्रँडनच्या प्रसंगांतील ती टोपी आपल्या घरांतील मुलांच्या चांगली ओळखीची आहे. काडतुसाच्या बुडाची टोपी आणि दिवाळींतील पिस्तुलाची टिकली या एकाच कुळांतल्या. दोहोंतहि ठोक्यानें पेटणारी चिमूटभर दारू. टिकलींत बहुधा पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. म्हणून टिकल्यांच्या पिस्तुलाच्या तोंडांत खडा, मणी किंवा पेन्सिलीचा तुकडा घालून ‘खरी गोळी’ करण्याचा जो उद्योग मुलें करतात तो ताबडतोब थांबवावा. कानाशीं बार उडवूं देऊं नये. टिकल्यांची अख्खी गुंडाळी पायरीवर ठेवून दगडानें ठेचण्याची हौस तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांत दगडाची कपची उडते ती थेट डोळ्यावर येते. उरलेल्या गुंडाळ्या दिवाळीनंतर उन्हांत किंवा देवघराच्या समईजवळ ठेवूं नयेत. पाण्याच्या बादलींत रात्रभर भिजवून मगच टाकाव्या.